दोन माठांचं गाणं

आमच्या गावच्या नवजीवन गायन पार्टीनं पंधरा-सोळा वर्षांत दीडशेच्या वर गाणी म्हटली. त्यातली बहुतेक सुमार होती. हे मी पार्टीतल्या माणसांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही. चांगलं गाणं एकच होतं. ते त्यांनी अगदी सुरुवातीला बसवलं आणि पुढं तीनदाच म्हटलं. तिन्ही वेळा लोकांना ते आवडलं, तिन्ही वेळा वेगळ्याच कारणासाठी आवडलं, आणि ज्यानं ते रचलं तो बब्रुवान तिन्ही वेळा घरी येऊन जेवला नाही.

बब्रुवान माझा धाकटा दीर. मी एकाहत्तर साली लग्न होऊन या गावात आले. ढोकीपासून पायी तासाभरावर गाव, गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवस्ती. मी औरंगाबादला वसतिगृहात राहून बी.ए. झालेली. नवरा उस्मानाबादला कचेरीत कारकून. आता त्या शहराला धाराशिव म्हणतात, पण तेव्हाच्या गोष्टीत मी तेव्हाचंच नाव घेणार. नवरा रविवारी यायचा. बाकीचे सहा दिवस मला बोलायला माणूस एकच, तो हा दीर. सुतळीसारखा अंगानं, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडं बघायचा, आणि एक वाईट खोड होती. एखादी गोष्ट विचारली की तिचं उत्तर मिळेपर्यंत हलायचा नाही.

सासूबाई सांगायच्या, दुसरीत असताना त्यानं गुरुजींना विचारलं, चंद्र आपल्यासंगं का चालतो? गुरुजी म्हणाले, उद्या सांगतो. हा दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधीच दारात उभा. तिसऱ्या दिवशी उभा. असं आठ दिवस. नवव्या दिवशी गुरुजींनी चिडून छडीनं उत्तर दिलं. हा मुकाट घरी आला, पोटभर जेवला. सासूबाईंनी विचारलं, मार खाऊन हसतोस काय? तर म्हणाला, "गुर्जीला ठावं न्हाय. आज कळलं."

हे ध्यानात ठेवा. मला ते ध्यानात ठेवायला चौदा वर्षं लागली.

बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करत बसणार नाही. गावाजवळ रस्त्याचं काम निघालं आणि सगळा गाव खडी फोडायला गेला. आमच्या वस्तीतली माणसं होती, कुणबी होते, पाटलांच्या सुनासुद्धा तोंडावर पदर ओढून ढिगापुढं बसल्या होत्या. सगळ्यांच्या फडक्यात तीच रेशनवरच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी. मी शिकलेली म्हणून हजेरी मांडायला. मुकादम होता नाना. पंचविशीतला, अंगात पांढरा सदरा, चुलते पंचायत समितीत. पुढं त्याचे नानासाहेब झाले. पण ते पुढं.

त्या वर्षी गावच्या विहिरी एकेक करून कोरड्या पडल्या. पाणी राहिलं एकाच आडाला, आणि तो आड होता श्रीपतीमामांचा. हे माझ्या सासूबाईंचे भाऊ. वस्तीला लागून त्यांचा वतनातला तुकडा होता, त्यात तो आड. ज्या आडाच्या सावलीलाही गाव कधी फिरकलं नव्हतं, त्याच्या कडेला सकाळपासून गावाच्या घागरींची रांग लागायला लागली. दुष्काळात पाणी बाटत नाही, असा शास्त्रात कुठंतरी अपवाद असावा. मामांनी कुणाला अडवलं नाही. ते काठावर बसून फक्त घागरी बघायचे. म्हणायचे, "पितळी लई हैत गावात. म्हाईत नव्हतं."

कामावरचं पाणीही तिथूनच जायचं. नाना बैलगाडीवर टिपाड भरून आणायचा आणि बाभळीखाली दोन माठांत ओतायचा. एका माठावर झाकण, वर पाणी काढायचं दांड्याचं वगराळं. तो गावाचा. दुसरा उघडा. त्याच्याजवळ एक पाणक्या तांब्या घेऊन बसायचा. आपण पुढं उकिडवं बसायचं, ओंजळ करायची, तो वरून धार धरायचा. तो आमचा. म्हणजे आडात असेपर्यंत पाणी आमचं, टिपाडात सगळ्यांचं, आणि माठात पडलं की पुन्हा दोन जातींचं.

मी काय करत होते, असं कुणी विचारेल. मी घरून तांब्या भरून नेत होते आणि हजेरीच्या टेबलाखाली ठेवत होते. बी.ए.चा तेवढा उपयोग झाला.

बब्रुवान तेव्हा बावीस वर्षांचा, खडीवरच होता. पहिल्याच आठवड्यात तो हातोडा ठेवून नानापुढं गेला. माझ्या टेबलाजवळच उभे होते दोघं.

"नाना, येक इचारू?"

"इचार की."

"आड येक. टिपाड येक. मग माठ कशापायी दोन?"

नानानं इकडं तिकडं बघितलं. मारकुटा माणूस नव्हता तो, हे खरं सांगायला पाहिजे. कधी कुणाला वेडंवाकडं बोलला नाही. हसला आणि म्हणाला, "आधी तुझा ढीग पुरा कर बाबा. मग सांगतो."

बब्रुवाननं ढीग पुरा केला. मग तो नानापुढं जाऊन उभा राहिला. नाना म्हणाला, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आज साहेब येणारेत. असे बारा दिवस गेले. त्याची बायको चांगुणा त्याच्या शेजारीच खडी फोडायची, तिच्या तोंडाला लगाम नव्हता. ती म्हणाली, "आवो, हुबं राहून राहून तुमच्या पायाला मुळ्या फुटतील. त्यापरीस गाणं तरी करा. हात तरी चालंल."

त्यानं गाणं केलं. हातोड्याच्या ठोक्यावर, तीन दिवसांत.

हातोडा येक, दगड येक, डोईवर येकच ऊन,
माठ मातर दोन गं बाय, माठ मातर दोन!
येका माठाला वगराळं, झाकण ठिवलं धुऊन,
दुसऱ्यापुढं उकिडवं बस, वंजळ धर लांबून!
आड येक, टिपाड येक, पाणी येकाच गाडीतून,
नाना मुकादमा, सांग की बाबा, माठ कशानं दोन?

हजेरीच्या वहीचं मागचं पान फाडून मी ते उतरवून घेतलं. उतरवताना 'येक'चं 'एक' केलं, 'वंजळ'ची 'ओंजळ' केली. त्यानं कागद बघितला आणि परत माझ्या हातात दिला. "वहिनी, ह्ये तुमचं गाणं झालं. माझं द्या." मी पुन्हा लिहून दिलं. असा अपमान माझा प्राध्यापकांनीही केला नव्हता.

गायन पार्टी नुकतीच उभी राहिली होती. म्होरके तात्याराव, शाळेत शिपाई. आवाज पहाडी, पेटी जेमतेम. बब्रुवाननं सोलापूरहून जुना बेंजो आणला होता. बेंजो म्हणजे तारांवर बटणं दाबून वाजवायची पेटी. त्याची दोन बटणं गेलेली होती. माझ्या नवऱ्यानं कचेरीतल्या मोडक्या टाइपरायटरची दोन काढून आणली, ती तिथं बसवली. त्यामुळे आमचा बेंजो जगातला एकमेव असा असेल, ज्याच्या एका सुरावर इंग्रजी 'क्यू' लिहिलेला होता.

त्र्याहत्तरच्या चौदा एप्रिलला, जयंतीच्या कार्यक्रमात, वस्तीच्या चौकात गाणं पहिल्यांदा झालं. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा म्हणायला लावलं. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. उकिडवं बसायच्या ओळीला श्रीपतीमामा उठून उकिडवं बसून दाखवत होते. गावाकडची चार माणसं कडेला उभी राहून ऐकून गेली.

नानाला कळायला रात्र लागली नाही. आम्हाला वाटलं, आता कामावरून काढतो. तिसऱ्या दिवशी बघतो तर काय, दुसऱ्या माठावरही झाकण! वर नवं कोरं वगराळं! पाणक्याला त्यानं गाडीवर पाठवून दिलं.

"झालं का समाधान?" नानानं बब्रुवानला हाक मारून विचारलं. "दोन्हीला सारखं केलं."

"माठ दोनच हैत, नाना."

"आता दोन्ही सारखेच हैत म्हणल्यावर दोन असले काय न् चार असले काय?"

"सारखेच हैत तर मग दोन कशापायी?"

नाना म्हणाला, "बब्रुवान, तू लई हुशार हैस." आणि निघून गेला. वस्तीला वाटलं, गाणं जिंकलं. वगराळं मिळालं म्हणून तात्यारावांनी पेढे वाटले. बब्रुवान त्या दिवशी जेवला नाही. मी विचारलं, आता काय झालं? म्हणाला, "वगराळं म्या मागितलं व्हतं का?"

पाऊस पडला, कामं बंद झाली. माठ फुटले असतील किंवा कुणी घरी नेले असतील. नानाचं मात्र बस्तान बसलं. आधी गावच्या सोसायटीत, मग तिचा चेअरमन. त्या काळात आमच्याकडं सहकाराचं असं होतं, की माणूस एकदा कशाचाही चेअरमन झाला की पुढच्या संस्था त्याच्या मागं आपोआप लागायच्या, म्हशीमागं रेडकं लागतात तशा. चेअरमन झाल्यावर नानासाहेबांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर नवजीवन गायन पार्टीला लाउडस्पीकर दिला. कर्णा, मशीन, वायर, सगळं. जाहीर कार्यक्रमात, हार घालून.

कर्णा आला आणि गाणं गेलं. तात्याराव बंद केलं म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं. ते नुसतं म्हणाले, "जुनं झालं ते. आता दुष्काळ हाय का?"

"प्रश्न जुना झाला का, तात्या?" मी त्यांना विचारलं.

"सूनबाई, कर्ण्याबिगर पार्टी म्हणजे काय, सांगा बरं. भजनी मंडळ! शेजारच्या गावच्या पार्टीला कर्णा हाय, आन् आपण काय मशेरी लावत बसायचं?" त्यांचंही खरं होतं. शिपायाची नोकरी, संस्थेची शाळा, संस्थेवर नानासाहेब. हे ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही. मला स्वतःला ढोकीच्या हायस्कुलात नोकरी लागली होती, आणि शिफारस कुणाची लागते हे मला माहीत होतं. मला शिफारस लागली नाही, पण लागली असती तर मी काय केलं असतं, ते मी आजही छातीठोकपणे सांगत नाही.

दुसऱ्यांदा गाणं झालं ते सत्त्याहत्तर साली, मुरुमच्या बाजारात. गॅस्ट्रोची साथ होती आणि कुठल्याशा प्रचार मोहिमेचे एक साहेब पार्ट्या शोधत फिरत होते. माठाला झाकण घाला, पाणी वगराळ्यानं काढा, हात बुडवू नका. त्यांना कुणीतरी सांगितलं की नवजीवनकडं नेमकं असंच एक गाणं आहे. साहेबांनी ऐकलं आणि खूष झाले. "एका माठाला वगराळं, झाकण ठिवलं धुऊन! वा! आरोग्याचा सगळा संदेश आला की!" फक्त शेवटच्या ओळीवर अडले. "हे नाना मुकादम कोण? आपल्या कामाचे नाहीत. काढा."

काढले. बब्रुवान बेंजो वाजवायला गेला खरा, कारण त्याला वाटलं, मुरुमच्या माणसांना तरी कळेल. भर बाजारात गाणं झालं. बाजूलाच नीलम्मा नावाची कुंभारीण माठ विकत बसली होती. गाणं संपल्यावर ती उठून आली आणि बब्रुवानचा हात धरून, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणाली, "तम्मा, आणखी एकदा म्हण की रे. तू दोन माठ म्हणायलास तसं गिऱ्हाईक दोन-दोन घ्यायलंय."

पार्टीनं चारदा म्हटलं. संध्याकाळपर्यंत तिचा ढीग संपला. जाताना तिनं एक चांगला खणखणीत माठ बब्रुवानला बक्षीस दिला, झाकणासकट. तो माठ मांडीवर घेऊन एस.टी.तनं सहा तास बसून तो घरी आला, ओट्यावर ठेवला आणि न जेवता झोपला. चांगुणा मला म्हणाली, "बघा वहिनी. इचारायला गेले कशापायी दोन, आन् घेऊन आले तिसरा."

मग सहा वर्षं काही नाही. बब्रुवान ढोकीच्या कारखान्यावर हंगामात कामाला जायचा, बाकी वर्षभर पार्टीत बेंजो वाजवायचा. लग्नं, जयंत्या, सत्यनारायण सोडून सगळं. गाण्याचं तो बोलायचा नाही. फक्त नानासाहेब समोर आले की उभा राहायचा, हात जोडायचा, आणि थोडं जास्तच वेळ उभा राहायचा. नानासाहेबांना वाटायचं, आदर.

त्र्याऐंशी साली नानासाहेबांनी नदीवरून पाणी उचलायची संस्था काढली. उपसा सिंचन, सहकारी. मोटार, पाइप, मोठं काम. बटण दाबायला कुणी मोठे पाहुणे यायचे होते. नानासाहेबांनी तात्यारावांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "पाण्याचा कार्यक्रम हाय. माझ्यावर तुमचं एक पाण्याचं गाणं होतं की जुनं. ते बसवा."

तात्यारावांना घाम फुटला. पण मग डोकं चाललं. चार दिवसांत त्यांनी गाण्याचं पार इरकल लुगडं करून टाकलं.

दुष्काळाच्या वणव्यामधी कुणाला आली जाण?
माठ ठेवले दोन नानांनी, माठ ठेवले दोन!
एक पुरेना तहानेला, म्हणून ठेवले दोन!

मला दाखवायला आणलं. शुद्धलेखन बघा म्हणाले. मी म्हणाले, शुद्धलेखन एकदम बरोबर आहे, तेवढंच बरोबर आहे.

मला वाटलं होतं की बब्रुवान नाही म्हणेल. तो म्हणाला, "वाजवतो की." मला नवल वाटलं. मग म्हणाला, "नानासाहेब समोर असणार न्हवं? त्यांच्यासमोर अजून कधी झालंच न्हाय गाणं." मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पाहुणे चार तास उशिरा आले. तोवर पार्टीनं येतील तेवढी गाणी म्हटली, दोन-दोनदा म्हटली. पाहुणे आले, बसले, हार झाले, आणि नानासाहेबांनी मान हलवून तात्यारावांना खूण केली. तात्यारावांनी वणव्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला बेंजो थांबला. बब्रुवान उठला, माइक आपल्याकडं ओढला, आणि खाली न बसताच म्हणायला लागला, हातोडा येक, दगड येक. बेंजो नाही, पेटी नाही. ढोलकीवाल्यानं दोन ओळी वाट बघितली आणि मग त्याचा हात राहवेना. आमच्या बाजूच्या बायांनी 'माठ मातर दोन' उचललं. सगळ्यांना पाठ होतं. दहा वर्षं गावात स्टेजवर नव्हतं, पण खुरपायला गेल्यावर बाया दुसरं काय म्हणत होत्या?

शेवटची ओळ आली. "नाना मुकादमा, सांग की बाबा, माठ कशानं दोन?" बब्रुवान पहिल्यांदाच खांद्याकडं न बघता थेट माणसाकडं बघून म्हणाला. आणि थांबला. उभाच राहिला.

तात्याराव पेटीमागं जेवढं वाकता येईल तेवढं वाकले होते.

नानासाहेब उठले. माइकपाशी आले, बब्रुवानच्या खांद्यावर हात ठेवला. "मंडळी," ते म्हणाले, "ह्ये गाणं माझ्यावरच हाय. ह्या भावानं भर दुष्काळात मला ह्यो सवाल केला. दहा वर्षं ह्यो सवाल मला टोचतोय. आज मी त्याचं उत्तर देतो. दोन माठांच्या जागी... एक पाइप!"

काय टाळ्या पडल्या! पाहुण्यांनी वाजवल्या, मांडवानं वाजवल्या, मी वाजवल्या. नंतर मी माझ्या हातांकडं बघितलं. पण तोवर वाजवून झाल्या होत्या. नानासाहेबांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून बब्रुवानच्या गळ्यात घातला आणि जाहीर केलं की संस्थेच्या दर वार्षिक सभेला हे गाणं, असंच, मूळचं, झालं पाहिजे. तो एक पाइप आमच्या वस्तीच्या अलीकडं चारशे फुटांवर उजवीकडं वळत होता. कारण तांत्रिक होतं.

कार्यक्रमानंतर पार्टीला नानासाहेबांच्या ओसरीवर चहा. मीही होते, शिक्षिका म्हणून बोलावलं होतं. आतून दोन ट्रे आले. एकात पांढऱ्या कपबशा. दुसऱ्यात फुलाफुलांचे नवे कोरे कप, तो ट्रे पार्टीपुढं आणि माझ्यापुढं.

"खास तुमच्यासाठी आणलेत," नानासाहेब म्हणाले. "सोलापूरहून. आमचे आपले हे जुनेच."

तात्याराव कप फिरवून फिरवून बघत होते. "काय नक्षी हाय!"

बब्रुवाननं कप हातात घेतला नाही. "नानासाहेब," तो म्हणाला, "कप कशापायी दोन परकारचे?"

नानासाहेब मोठ्यानं हसले. "अरे, आता ह्याच्यावर पण गाणं करतोस का काय!" सगळी ओसरी हसली. बब्रुवान हार काढून खुंटीला अडकवून घरी गेला. मी माझा चहा प्याले. फार गोड होता.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांचा ड्रायव्हर महारुद्र एक फुलाफुलांचा कप घेऊन आला. "साहेबांनी पाठवलाय. तुमचा राहिला म्हणले."

चांगुणानं तो घेतला आणि नीलम्माच्या माठावर उपडा घातला. "लई ब्येस. माठ मुरुमचा, कप चेअरमनचा. पाणी तेवढं आमचं." महारुद्र साहेबांच्याच भावकीतला होता, पण ऊन फार होतं. तो त्याच कपानं दोन कप पाणी प्याला आणि तोंड पुसून गेला.

त्यानंतर दर वर्षी वार्षिक सभेला जीप यायची. महारुद्र दारात उभा राहून म्हणायचा, "बब्रुवानदादा, साहेबांनी गाण्याला बोलावलंय." बब्रुवान विचारायचा, "उत्तर दिलंय का त्यांनी तुझ्यासंगं?" महारुद्र म्हणायचा, "न्हाय ब्वा, तसलं काय दिलं न्हाय." मग तो एक कप पाणी प्यायचा आणि जीप रिकामी जायची. तात्याराव रडकुंडीला यायचे. इतकी वर्षं त्यांनी भीतीनं गाणं दाबलं, आणि आता मागणी आली तर गाणाराच अडून बसला. मीही वैतागले. म्हणाले, "भावजी, अख्ख्या जिल्ह्यासमोर म्हणून दाखवलंत, आता आणखी काय पाहिजे?"

"वहिनी, लोकांसमोर इचारलं की भाषण मिळतं."

शहाऐंशी साली पुन्हा पाऊस दडी मारून बसला. नदीच आटली, त्यामुळे संस्थेचा पाइप सगळ्यांना सारखाच कोरडा झाला. जिल्हा परिषदेला उभं राहायचं नानासाहेबांच्या मनात होतं, आणि आमच्या वस्तीची मतं लागणार होती. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, दुपारी, ते आले. वस्तीच्या बोळात जीप शिरेना म्हणून चालत आले, बरोबर आठ-दहा कार्यकर्ते. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे पडलेले. मी सुट्टीत घरीच होते. ओट्यावर घोंगडी टाकली, ते बसले.

"बब्रुवान," ते म्हणाले, "सरळ बोलतो. प्रचाराला ते गाणं पाहिजे. मूळचंच. माझं नाव हाय तसं. 'नाना मुकादमा' म्हणायचं. लोकांना कळू दे, नाना कुठून कुठं आला."

"म्हणतो की," बब्रुवान म्हणाला.

माझा कानावर विश्वास बसेना. नानासाहेबांचा चेहरा उजळला.

"आधी पाणी घ्या. उन्हाचं आलाव."

चांगुणानं माठावरचा कप उचलला, पदरानं पुसला, भरला, आणि नानासाहेबांपुढं धरला. नीलम्माचा माठ बिचारा पाणी फार गार करायचा. कपाला बाहेरून थेंब आले होते. नानासाहेबांनी कप हातात घेतला. फुलं ओळखली की नाही, सांगता येत नाही. कार्यकर्ते बघत होते. ते कपाकडं बघत राहिले, घसा हलला. मग त्यांनी कप अलगद घोंगडीच्या कडेला ठेवला.

"आत्ताच चहा झालाय," ते म्हणाले. "चहावर पाणी मला बाधतं."

बब्रुवान उभा राहिला. "बरं," तो म्हणाला.

"मग कधी येता? सोमवारी सभा हाय."

"आता येत न्हाय, नानासाहेब. मिळालं."

"काय मिळालं?"

"खडीवर तुमी म्हणला व्हता न्हवं, ढीग पुरा कर, मग सांगतो. चौदा वर्सं झाली. आज सांगितलंत." त्यानं हात जोडले. या वेळी जेवढे जोडायचे तेवढाच वेळ.

नानासाहेब कार्यकर्त्यांकडं बघून हसले आणि उठले. बोळाच्या तोंडाशी जीप उभी होती. तिच्यात पाण्याचा थर्मास असणार.

मी बब्रुवानवर खवळले. म्हणाले, आता तरी म्हणा गाणं, आता तर खरं म्हणायची वेळ आली. त्यानं माझं ऐकलं नाही, नेहमीसारखंच. चांगुणाला म्हणाला, "भाकरी टाक. भूक लागली." आणि तीन भाकरी खाल्ल्या.

नानासाहेबांनी ठेवलेला कप तसाच भरलेला घोंगडीवर होता. चांगुणानं तो उचलला, आत काही पडलंय का बघितलं आणि पाणी माठात परत ओतलं. सांडायचं साल नव्हतं ते.